तह आधीच का होत नाही?

एखादे युद्ध का झाले, असे विचारले की उत्तरांची कधीच वानवा नसते. सीमेचा वाद, तेल, धर्म, वंश, नेत्याची महत्त्वाकांक्षा, जुन्या पराभवाचा सल, अशी यादी कोणत्याही युद्धाला जोडता येते. अडचण एवढीच की हीच यादी न झालेल्या युद्धांनाही तितकीच चपखल बसते. एकमेकांशी वैर असलेली राष्ट्रे जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेक राष्ट्रे बहुतेक काळ लढत नाहीत. म्हणून भांडणाचे कारण सापडले म्हणजे युद्धाचे कारण सापडले, असे मानून चालत नाही.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला विचार हा प्रश्नच वेगळ्या रीतीने विचारतो. अमेरिकी अभ्यासक जेम्स फीअरन यांनी १९९५ मध्ये अशी मांडणी केली की युद्धाने दोन्ही पक्षांचे नुकसान होते आणि अखेरीस नकाशावर कुठेतरी रेषा आखावीच लागते. तीच रेषा न लढता आखली असती, तर दोघांचीही माणसे आणि संपत्ती वाचली असती. मग तो तह लढाईच्या आधीच का होत नाही? कोरियाचे उदाहरण घ्या. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाच्या फौजा दोन्ही कोरियांना विभागणारे ३८वे अक्षवृत्त ओलांडून दक्षिणेत शिरल्या. तीन वर्षे रणधुमाळी चालली, लाखो सैनिक आणि नागरिक मेले, आणि २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली तेव्हा दोन्ही बाजू पुन्हा त्याच अक्षवृत्ताच्या आसपास उभ्या होत्या. असे काही वाचले की युद्धाची कारणे शोधण्यापेक्षा तह नेमका कुठे अडला ते शोधणे अधिक निकडीचे वाटू लागते, कारण अडलेली गाठ हाताला लागली तर ती सोडवण्याचा काही प्रयत्न तरी करता येतो.

या विषयाची पाठ्यपुस्तके बहुधा वास्तववाद (सत्ता आणि बळ यांवर भर देणारा), उदारमतवाद (संस्था आणि लोकशाही यांवर) आणि रचनावाद (कल्पना आणि समजुती यांवर) या विचारपंथांच्या वादापासून सुरू होतात. तो वाद निरर्थक नाही. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९५९ मध्ये युद्धाची कारणे तीन पातळ्यांवर शोधली: माणसाचा स्वभाव, राज्याची अंतर्गत घडण, आणि राज्यांच्या डोक्यावर कोणतीही सत्ता नसणे. पोलीस नाहीत, निकाल अमलात आणणारे न्यायालय नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याला स्वतःची राखण स्वतःच करावी लागते, हे त्यांचे म्हणणे आजही खोडता आलेले नाही. पण या तिसऱ्या कारणाने युद्ध शक्य का असते एवढेच कळते. ते अमुक वर्षी का पेटले हे कळत नाही. १९१२-१३ मध्ये बाल्कन प्रदेशात दोन युद्धे झाली, तेव्हा युरोपातील महासत्तांनी लंडनमध्ये राजदूतांची परिषद भरवून आपापसातला संघर्ष टाळला. पुढच्याच वर्षी त्याच महासत्ता एकमेकींवर तुटून पडल्या. डोक्यावर सत्ता नसण्याची स्थिती दोन्ही वेळी सारखीच होती. म्हणून युद्ध टाळण्याचा विचार करताना मी या मोठ्या वादांपाशी फार थांबत नाही आणि तह अडवणाऱ्या गाठींकडे वळतो.

पहिली गाठ माहितीची. समोरच्याची ताकद किती आणि तो खरेच लढेल का, हे दोघांनाही ठाऊक असते तर तडजोड सोपी झाली असती. पण आपले बळ फुगवून सांगण्यात किंवा दडवून ठेवण्यात दोघांचाही फायदा असतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण कोरियाच्याच युद्धात आहे आणि त्यात एका भारतीय मुत्सद्द्याचा वाटा आहे. २ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्री पेकिंगमधील (आजचे बीजिंग) भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना झोपेतून उठवून चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या भेटीला बोलावण्यात आले. चौ यांचा निरोप स्पष्ट होता: दक्षिणेच्या मदतीला आलेल्या अमेरिकी फौजांनी ३८वे अक्षवृत्त ओलांडले तर चीनला युद्धात उतरावे लागेल, केवळ दक्षिण कोरियाच्या फौजांनी ते ओलांडले तर तो प्रश्न वेगळा. चीन आणि अमेरिका यांच्यात त्या वेळी राजनैतिक संबंध नव्हते, म्हणून हा निरोप दिल्लीमार्गे वॉशिंग्टनला पोहोचला. तिथे तो गांभीर्याने घेतला गेला नाही. पणिक्कर चीनला अनुकूल आहेत, तेव्हा ही धमकी पोकळ असणार, असा तिथल्या वरिष्ठांचा ग्रह होता. काही दिवसांतच अमेरिकी तुकड्या उत्तरेकडे सरकल्या. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कोरियातील फौजांचे सेनापती जनरल मॅकआर्थर यांना चीन उतरण्याची शक्यता किती, असे विचारले, तेव्हा ती फारच थोडी असल्याचे उत्तर मिळाले. त्यानंतर चारच दिवसांनी चिनी सैन्य चीन आणि कोरिया यांच्या सीमेवरची यालू नदी ओलांडू लागले. ते रात्री चालत असे आणि दिवसा विमानांच्या नजरेपासून लपून राहत असे. नोव्हेंबरअखेर त्याने मोठा हल्ला चढवला आणि जानेवारी १९५१ मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोल दुसऱ्यांदा पडली.

या प्रसंगाकडे वॉशिंग्टनच्या उर्मटपणाची गोष्ट म्हणून पाहता येते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु फीअरन यांचा सिद्धांत आणखी खोलात नेतो. खरोखर लढणारा आणि नुसतीच धमकी देणारा, दोघेही मध्यरात्री राजदूताला बोलावून नेमके हेच शब्द बोलले असते. शब्दांना किंमत मोजावी लागत नाही, म्हणून शब्दांवरून या दोघांत फरक करता येत नाही. चीनला विश्वास बसवायचाच असता तर आपल्या फौजा उघडपणे नदीकाठी दाखवाव्या लागल्या असत्या; पण दाखवल्या असत्या तर त्यांच्यावर बॉम्ब पडण्याची भीती होती आणि अचानक हल्ल्याचा लाभही हातचा गेला असता. म्हणजे पटवून देण्याचा मार्ग आणि जिंकण्याचा मार्ग एकमेकांच्या विरुद्ध दिशांना जात होते. चीनचे नेते माओ यांनी हस्तक्षेपाचे आधीच ठरवून टाकले होते का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र इशारा देणारा खरे बोलत होता, तो पोहोचवणारा प्रामाणिक होता, आणि तरीही त्याचा उपयोग झाला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सदिच्छेने ही गाठ सुटत नाही. त्यासाठी अशी व्यवस्था लागते जिच्यात खोटे बोलणे महाग पडते किंवा लपवणे अशक्य होते.

युरोपने शीतयुद्धाच्या काळात अशी व्यवस्था थोडीथोडी करून उभारली. १९७५ च्या हेलसिंकी कराराने पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांच्या मोठ्या कवायतींची सूचना एकवीस दिवस आधी देण्याचे ठरले. ही अट सौम्य होती. १९८६ च्या स्टॉकहोम दस्तऐवजाने ती मर्यादा तेरा हजारांवर आणली, मुदत बेचाळीस दिवसांची केली आणि संशय आल्यास प्रत्यक्ष जागेवर पाहणी करण्याचा हक्क दिला. ती नाकारण्याचा अधिकार यजमान देशाला ठेवला नाही. कवायतीच्या आडून आक्रमणाची तयारी करणे त्यामुळे खरोखर अवघड झाले. वृत्तपत्रांत अशा कलमांना जागा मिळत नाही, शिखर परिषदेतल्या हस्तांदोलनाची छायाचित्रे तेवढी छापली जातात. माझ्या मते शांततेचे बरेचसे काम या कंटाळवाण्या कलमांनी केले आहे.

दुसरी गाठ भीतीची. जॉन हर्ट्झ यांनी १९५० च्या सुमारास जिला सुरक्षेचा पेच म्हटले ती ही स्थिती: मी माझ्या रक्षणासाठी शस्त्रे घेतो, ती तुला आक्रमणाची तयारी वाटते, तू शस्त्रे वाढवतोस, आणि त्यामुळे माझी मूळची भीती खरी ठरते. रॉबर्ट जर्व्हिस यांनी १९७८ मध्ये या पेचाची धार कधी वाढते ते सांगितले. आधी हल्ला करणाऱ्याला मोठा लाभ मिळणार असेल आणि बचावाची शस्त्रे व आक्रमणाची शस्त्रे वेगळी ओळखता येत नसतील, तेव्हा हा पेच जीवघेणा होतो. १९१४ चा जुलै हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. जर्मनीची संपूर्ण योजना वेळेच्या हिशेबावर बेतलेली होती: रशियाची अवाढव्य फौज गोळा होण्यापूर्वी बेल्जियममधून जाऊन फ्रान्सला पाडायचे. ३० जुलैला रशियाने सर्व सैन्य युद्धासाठी गोळा करण्याचा आदेश काढला आणि बर्लिनमध्ये दिवसांऐवजी तास मोजले जाऊ लागले. १ ऑगस्टला लंडनहून फ्रान्स तटस्थ राहील अशी आशा दाखवणारी तार आली, तेव्हा कैसरने (जर्मन सम्राटाने) सारे सैन्य पूर्वेकडे वळवण्यास सांगितले. सेनापती मोल्टके यांनी ते अशक्य असल्याचे उत्तर दिले, कारण लाखो सैनिकांची आणि त्यांच्या रसदीची वाहतूक वर्षभर आधी बारकाईने आखलेली होती. लंडनचा तो निरोप गैरसमजातून आला होता, हे त्याच रात्री उघड झाले. पण तो खरा असता तरी योजनेत विचार बदलायला जागाच ठेवलेली नव्हती.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा छडा लागल्यावर अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना हवाई हल्ल्याचा सल्ला अनेकांनी दिला होता. त्यांनी नौदलाचा वेढा निवडला. वेढ्यातही धोका होता, मात्र त्यामुळे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना विचार करायला काही दिवस मिळाले आणि तुर्कस्तानातील अमेरिकी क्षेपणास्त्रे हलवण्याचे गुप्त आश्वासन देण्याइतका अवकाश दोघांनाही मिळाला. पुढच्या वर्षी दोन राजधान्यांमध्ये थेट संदेशवाहिनी सुरू झाली. संकटाच्या वेळी वेळ वाढवणारी प्रत्येक गोष्ट मोलाची असते. आज क्षेपणास्त्रांचा वेग वाढतो आहे आणि निर्णयाचा काही भाग यंत्रांवर सोपवण्याची भाषा ऐकू येते, तेव्हा मला मोल्टकेंची ती योजनाच आठवते.

इथे एक गंभीर इशारा दिला पाहिजे, कारण अनेक शांततावादी मित्र या ठिकाणी घाई करतात. प्रत्येक युद्ध भीतीतून होत नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक येथे ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांनी हिटलरच्या तक्रारी मिटवून पाहिल्या. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये होते. घाबरलेल्या राज्याला दिलेली सवलत त्याला शांत करते, तर हावरट राज्याला दिलेली सवलत त्याची भूक वाढवते. उलट, कठोरपणाने हावरट राज्य थबकते आणि घाबरलेले राज्य युद्धाकडे ढकलले जाते. समोरचा यांपैकी कोण आहे हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते. त्याची परीक्षा घेण्याचा एकच बऱ्यापैकी मार्ग मला माहीत आहे: जे पाऊल केवळ बचाव हवा असणारा उचलेल आणि आक्रमण करू इच्छिणारा कधीच उचलणार नाही, ते पाहणे. डिसेंबर १९८८ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी संयुक्त राष्ट्रांसमोर पाच लाख सैनिक एकतर्फी कमी करण्याची घोषणा केली. या आकड्यापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा तपशील: पूर्व युरोपातून सहा रणगाडा डिव्हिजन काढून घेतल्या जाणार होत्या आणि त्यांच्यासोबत हल्ल्याच्या वेळी नद्या ओलांडण्यासाठी लागणारे साहित्यही परत नेले जाणार होते. ज्याला पश्चिमेकडे मुसंडी मारायची आहे तो असले साहित्य परत नेत नाही.

तिसरी गाठ वचनाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत चिवट आहे. आज दोघांनाही मान्य असलेला तह उद्या एकाचे बळ वाढल्यावर तो पाळेल का? जुने राजे तहाच्या वेळी राजपुत्र ओलीस ठेवत असत ते याच शंकेपोटी. १९५६ च्या सुएझ युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना सिनाईत इजिप्तच्या हद्दीत उभी राहिली. इस्रायलने तिला आपल्या बाजूला जागा दिली नाही. १६ मे १९६७ च्या रात्री या सेनेचे भारतीय सेनापती मेजर जनरल इंदरजित रिखी यांच्या हाती इजिप्तच्या लष्करप्रमुखांचे पत्र पडले: सीमेवरचे सैनिक ताबडतोब मागे घ्या. ही सेना यजमानाच्या संमतीने उभी होती, ती संमती संपली आणि सेना हटवली गेली. ५ जूनला युद्ध सुरू झाले, तेव्हा परतीच्या वाटेवर असलेले भारतीय सैनिकही त्यात मारले गेले. दहा वर्षे शांतता राखणारी हमी एका पत्राने संपली.

मार्च १९७९ मध्ये इजिप्त आणि इस्रायल यांच्यात तह झाला, तेव्हा हा धडा त्याच्या कलमांत उतरवलेला दिसतो. सिनाईचे तीन पट्टे केले गेले. सुएझ कालव्यालगतच्या पट्ट्यात इजिप्तला सैन्य ठेवता येईल, पण तेही मोजून. मधल्या पट्ट्यात हलक्या तुकड्या. आणि इस्रायलच्या सीमेला लागून असलेल्या पट्ट्यात फक्त नागरी पोलीस आणि बाहेरचे निरीक्षक. सीमेच्या पलीकडे इस्रायलच्या भूमीतही एक मर्यादित सैन्याचा अरुंद पट्टा आखला गेला, म्हणजे बंधन एकाच बाजूवर राहिले नाही. शांतिसैनिकांना दोघांपैकी एकाला परस्पर घालवता येणार नाही, असेही तहात लिहिले गेले. पुढे सुरक्षा परिषदेत संयुक्त राष्ट्रांच्या सेनेवर एकमत होईना, तेव्हा १९८१ मध्ये त्यासाठी वेगळे बहुराष्ट्रीय दल स्थापन करण्यात आले आणि ते आजही तिथे आहे. या दोन देशांत १९४८ ते १९७३ या पंचवीस वर्षांत चार मोठी युद्धे झाली होती; त्या तहानंतर एकही झालेले नाही. दोन्ही समाजांत मैत्री फुललेली नाही. तरीही उजाड वाळवंटाचा रुंद पट्टा मध्ये असल्यामुळे वचन मोडायचे ठरवले तर ते काही दिवस आधी सगळ्यांना दिसते, आणि एवढ्याने पुष्कळ काम होते.

याच्या उलट उदाहरण डिसेंबर १९९४ मधल्या बुडापेस्ट करारपत्राचे. युक्रेनने आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रे सोडून दिली आणि रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा मान राखण्याचे आश्वासन दिले. ते मोडल्यास संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे जाण्यापलीकडे काही ठोस बांधिलकी त्यात नव्हती, आणि त्या परिषदेत आश्वासन देणाऱ्या तिघांकडेही नकाराधिकार होता. २०१४ मध्ये क्रिमिया बळकावून आणि २०२२ मध्ये आक्रमण करून रशियाने ते कसे मोडले ते आपण पाहिले. फेब्रुवारी २०२२ च्या आधी तर अमेरिकेने रशियाच्या तयारीची गुप्त माहिती आठवडेच्या आठवडे जाहीर केली होती. माहितीची गाठ बरीच सुटली होती, वचनाची तशीच होती.

आजची बहुसंख्य युद्धे देशांतर्गत आहेत आणि तिथे वचनाची गाठ आणखी घट्ट बसते, कारण बंडखोरांना शस्त्रे खाली ठेवावी लागतात आणि ती ठेवल्यावर सरकार शब्द फिरवील ही भीती रास्त असते. बार्बरा वॉल्टर यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की अशा वाटाघाटी यशस्वी होतात त्या मुख्यतः तिसऱ्या कुणीतरी जामीन राहिल्यास. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ चा करार झाल्यावरही आयआरए या आयर्लंडच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेची शस्त्रे निकामी व्हायला २००५ उजाडले. छायाचित्रे काढू दिली गेली नाहीत, कारण ती शरणागतीसारखी दिसली असती. अखेर आंतरराष्ट्रीय आयोगासोबत एक कॅथलिक आणि एक मेथडिस्ट धर्मगुरू साक्षीदार म्हणून उभे राहिले आणि कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही समाजांना त्यांच्या शब्दावर विसंबावे लागले.

प्रतिष्ठेची जागा वाटून घेता येत नाही, ही समजूतही तह अडवते; मात्र ती बहुधा तपासून पाहिली तर टिकत नाही. डिसेंबर १९७८ मध्ये अर्जेंटिना आणि चिली बीगल सामुद्रधुनीतील तीन छोट्या बेटांसाठी युद्धाच्या उंबरठ्यावर होते. पोप यांच्या मध्यस्थीने हल्ला थांबला आणि १९८४ च्या तहात बेटे चिलीकडे राहिली, तर अटलांटिक बाजूच्या समुद्रावरचा हक्क बराचसा अर्जेंटिनाला मिळाला. बेटांचे तुकडे करता येत नव्हते, पाण्याचे करता आले.

फीअरन यांच्या या मांडणीत एक मोठी उणीव आहे. युद्धाची किंमत देशाला मोजावी लागते असे ती धरून चालते. पण निर्णय घेणारा आणि किंमत मोजणारा एकच असेलच असे नाही. कांट यांनी १७९५ मध्येच लिहिले होते की ज्यांना लढायचे आणि कर भरायचे आहेत त्यांची संमती लागली, तर युद्धे सहजासहजी होणार नाहीत. प्रस्थापित लोकशाही देश एकमेकांशी क्वचितच लढले, हे मायकेल डॉइल यांच्यापासून अनेकांनी दाखवले आहे. बीगलच्या तोंडावरून मागे फिरलेल्या अर्जेंटिनातील लष्करी राजवटीने १९८२ मध्ये, अर्थव्यवस्था कोसळत असताना आणि रस्त्यावर निदर्शने होत असताना, फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवले. सत्ता वाचवण्याची तिची गरज देशाच्या हिताहून निराळी होती.

टळलेले युद्ध दिसत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी पैसा आणि माणसे मागणे फार कठीण जाते. डिसेंबर १९९२ मध्ये, बोस्निया जळत असताना, संयुक्त राष्ट्रांनी मॅसिडोनियाच्या (आजच्या उत्तर मॅसिडोनियाच्या) सीमेवर संघर्ष पेटण्याच्या आधीच शांतिसेना पाठवली. संघटनेच्या इतिहासातला हा पहिलाच प्रयोग होता. जेमतेम हजार सैनिक सीमेवर गस्त घालत आणि पाहिलेले कळवत. फेब्रुवारी १९९९ मध्ये चीनने तिच्या मुदतवाढीवर नकाराधिकार वापरला. मॅसिडोनियाने त्याच्या जेमतेम महिनाभर आधी तैवानशी राजनैतिक संबंध जोडले होते. सेना परतली, शेजारच्या कोसोव्होत युद्ध झाले, तिथली शस्त्रे सीमेपलीकडे झिरपली आणि २००१ मध्ये मॅसिडोनियात अल्बेनियन बंडखोर आणि सरकार यांच्यात सशस्त्र संघर्ष सुरू झाला. ती सेना राहिली असती तर तो टळला असता, असे कुणीही सिद्ध करू शकत नाही. त्याच वर्षी १३ ऑगस्टला ओह्रिडचा करार झाला: अल्बेनियन भाषेला अधिकृत स्थान, पोलिसांत प्रमाणशीर भरती, स्थानिक संस्थांना जास्त अधिकार, आणि बंडखोरांची शस्त्रे गोळा करायला नाटोचे सैनिक. भाषा, नोकऱ्या आणि स्थानिक अधिकार यांविषयीच्या या मागण्या अल्बेनियन पक्ष १९९० च्या दशकभर करीत आले होते.